पान एकशे त्र्याऐंशी आणि लाल दिवा

नाचणे, रत्नागिरी
बुधवार, ३ जून

तीर्थस्वरूप गोदावन्संच्या चरणी राहीचा नमस्कार. नमस्कार पूर्ण वाकून केला आहे असं समजावं. गुडघे आता निम्म्यात थांबतात, पण मन शेवटपर्यंत जातं. तुमची तब्येत कशी आहे? डोळ्यांत थेंब दिवसातून चार वेळा घालता ना, की दोनदा घालून शमिकाला चारदा सांगता? (शमिका, पत्र तूच वाचून दाखवणार, तेव्हा इथे जरा थांब आणि तुझ्या सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघ. मग पुढे वाच.) इकडे तुमचा बाळा ठीक आहे. एकोणसत्तर वर्षांच्या, बोटीवरून चीफ इंजिनिअर म्हणून रिटायर झालेल्या माणसाला बाळा म्हणणारं जगात आता तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही, त्यामुळे तुमचा फोन बंद झाल्यापासून ते एकदम म्हातारे दिसायला लागलेत.

मायना जमला आहे का ते कळवा. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी तुम्हाला हेदवीला पत्र पाठवलं होतं, आठवतं? 'प्रिय गोदावन्सं' अशी सुरुवात आणि शेवटी 'आपली विश्वासू'. माझा इलाज नव्हता. बेळगावच्या आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेडिक्टांनी पत्रांचे दोनच प्रकार शिकवले होते, एक आईवडिलांना आणि दुसरं म्युनिसिपालिटीला, आणि तुम्ही त्यातल्या त्यात दुसऱ्या प्रकाराला जवळच्या वाटलात. आठ दिवसांनी तेच पत्र लाल शाईने तपासून परत आलं. खाली शेरा होता, 'मनाने चांगली आहेस. मायना पाठ कर.' माझ्या अक्षराला मात्र तुम्ही तेव्हाही नावं ठेवली होती आणि ते अजून सुधारलेलं नाही. इंग्रजी लिहिते तेव्हा मोत्यांची माळ आणि मराठी लिहिते तेव्हा सांडलेले तांदूळ, हे तुमचेच शब्द. (शमिका, जिथे लागणार नाही तिथे अंदाजाने वाच. एवढी वर्षं गावचं पोस्ट सांभाळते आहेस, याहून वाईट पत्ते तू पोचवले असशील.)

आता मुद्द्याचं. चोवीस मेच्या रविवारी, चार वाजून वीस मिनिटांनी, आपलं वाचन तुटलं ते आजतागायत तुटलेलंच आहे. तुमच्या डोळ्यांच्या मागचा पडदा बिघडून डॉक्टरांनी वाचायला बंदी केली त्याला आता वर्ष होईल. जानेवारीत आमच्याकडे नेट आलं तेव्हापासून आपला चारचा व्हिडिओ कॉल मी फक्त दोनदा चुकवला, एकदा माझी दाढ काढली तेव्हा आणि एकदा तुमच्याकडे दशभुजा गणपतीचा उत्सव होता तेव्हा. पाच कादंबऱ्या झाल्या. सहावी ही गिरणीच्या मॅनेजरची. वाचनालयाच्या त्या प्रतीचं कव्हर आणि पहिली चार पानं गेलेली असल्यामुळे तिचं नाव काय आणि ती लिहिली कुणी हे आपल्या दोघींना माहीत नाही. मॅनेजर नाहीसा झाल्याला सहा महिने झालेत, बायको पहिल्यांदाच त्याच्या खोलीत शिरते, पलंगाखालची ट्रंक ओढते, कुलपात किल्ली फिरवते, आणि नेमका तेव्हा स्क्रीनवर तुमचा चेहरा थिजला. उजवी भुवई वर, तोंड अर्धं उघडं. मी पुढचं न वाचता पाच मिनिटं त्या चेहऱ्याकडेच बघत राहिले. मला वाटलं, वन्सं रंगल्यात.

त्या दिवसापासून तुमचा एकच निरोप येतो आहे, 'पुढे काय?' आणि शमिकाकडून मला हेही कळलं की चार वाजले की तुम्ही अजूनही ओटीवर येऊन बसता, बंद फोन मांडीवर घेऊन, आणि शेजारी चहा निवून जातो. (शमिका, हे तू मला सांगितलंस ते त्यांना कळू द्यायचं नव्हतं. आता वाचून झालंच असेल तर राहू दे.) वन्सं, मला त्या थंड चहाचं फार वाईट वाटलं. म्हणून नेट सुरू व्हावं यासाठी आम्ही इकडे काय काय केलं ते सविस्तर लिहिते. तुम्हीच म्हणालात ना, की तू काहीच करत नसशील, तू पूर्वीपासून ढिली.

पहिला दिवस तुमच्या बंधूंचा. घरातलं यंत्र बंद पडलं की बाहेरचा माणूस बोलावणं म्हणजे त्यांच्या तीस वर्षांच्या नोकरीचा अपमान. नेटची ती पेटी हॉलमध्ये खिडकीखाली आहे आणि तिच्यावर मी क्रोशाचं कव्हर घातलं होतं (तेच, निळ्या किनारीचं, जे तुम्ही व्हिडिओवर बघून म्हणाला होता की टीपॉयला जास्त शोभलं असतं). कव्हर काढल्यावर आत एक लाल दिवा लुकलुकताना दिसला. तो किती दिवस लुकलुकत होता असं मला विचारण्यात आलं. त्या पेटीला दिवे असतात हेच मला माहीत नव्हतं, तर मी काय सांगणार? मग त्यांनी एक जाड वही काढली, वर 'लॉग' असं लिहिलं, वेळ घातली आणि नोंद केली की धोक्याची सूचना देणारा दिवा घरातील व्यक्तीने विणकामाखाली झाकून ठेवल्याचे आढळले. चाळीस वर्षांच्या संसारानंतर मी घरातील व्यक्ती झाले. नंतर त्यांनी पेटी बंद करून चालू केली, अकरा वेळा. दमट हवेने आत ओल धरली असेल म्हणून ती तांदळाच्या डब्यात घालून रात्रभर ठेवली. सकाळी बाहेर काढली तेव्हा तिच्या बारीक भोकांतून दीड मूठ आंबेमोहोर निघाला. मागच्या बाजूला एक टाचणीएवढं भोक होतं, त्यात माझी क्रोशाची सुई खुपसून दहापर्यंत मोजलं. त्याने पेटी आपलं नाव, आपला पासवर्ड आणि आपली सगळी ओळख विसरली. दिवा मात्र लालच राहिला. लॉगमध्ये लिहिलं, 'प्रगती आहे.'

सोमवारी कंपनीला फोन करायचं ठरलं. आता तुम्हाला ठाऊकच आहे की आमचं घर उतारावर, आंब्यांच्या खाली, त्यामुळे मोबाइलची रेंज फक्त गच्चीत पाण्याच्या टाकीपाशी मिळते, तीसुद्धा उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं तर. पेटी खाली आणि फोन वर. म्हणून मी टाकीपाशी, तुमचे बंधू पेटीपाशी, आणि मधल्या जिन्यावर बाबल्या. (बाबल्याला तुम्ही ओळखता. आपल्या बागेचं सगळं तोच बघतो, आणि वयाने माझ्याहून दोन वर्षांनी मोठा असूनही मला वैनी म्हणतो.) कंपनीची मुलगी गोड आवाजाची होती. तिने विचारलं, दिवा कोणता लागलाय. मी बाबल्याला ओरडून विचारलं, बाबल्याने यांना, यांनी बाबल्याला सांगितलं, बाबल्याने मला. एवढ्यात मुलीने पुढचा प्रश्न विचारलेला असायचा. त्यामुळे दर वेळी उत्तर मागच्या प्रश्नाचं जायचं. तिने ग्राहक क्रमांक विचारला तेव्हा मी 'लाल' म्हणाले, आणि तिने नाव विचारलं तेव्हा 'लुकलुकतोय'. मग ती म्हणाली, पेटी तीस सेकंद बंद ठेवा. हे ऐकून खालून तुमच्या बंधूंचं मोठं भाषण सुरू झालं, की अकरा वेळा बंद केली आहे, लॉगमध्ये नोंद आहे, यंत्राला काही मर्यादा असते. ते सगळं ऐकून घेऊन बाबल्याने मला वर एवढंच पोचवलं, "सायेब बोलतात, दमलाय." मी ते तसंच फोनवर सांगितलं. त्यावर त्या मुलीने अतिशय मायेने विचारलं, "कोण दमलंय मॅडम?" मला तिची इतकी दया आली की मी तिला म्हटलं, सगळेच. तिने तक्रार नोंदवली आणि आमच्या शुभ दिवसाची कामना केली.

सोमवार आणि मंगळवार मी टाकीपाशी बसून साध्या फोनवरून तुम्हाला वाचून दाखवायचा प्रयत्न केला, तो तुम्हाला माहीत आहेच, पण इकडची बाजू माहीत नाही. उन्हामुळे डोक्यावर छत्री. एका हातात छत्री, एका हातात पुस्तक, फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये, आणि तोंड उत्तरेकडे. त्या बाईने किल्ली फिरवली की हमखास फोन तुटायचा. दोन दिवसांत ती बिचारी सात वेळा ट्रंक उघडायला गेली. दगडी गडग्यापलीकडे शेजारची येसूबाई कोकमं वाळत घालत होती. आधी तिला वाटलं की मी कुणाशी तरी भांडते आहे आणि कुणी तरी मेलं आहे. मंगळवारी ती आमच्याकडच्या कडेला पाट टाकूनच बसली. तुम्ही फोनवर सांगितलंत की आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो आणि अर्धी गोष्ट खाऊन टाकतो, आणि तुमच्या बंधूंनी माझं लाल झालेलं तोंड बघून गच्चीला कुलूप लावलं. प्रयोग तिथे संपला. येसूबाई अजून रोज सकाळी विचारते, "काय ओ वैनी, पेटाऱ्यात काय व्हतां ता कळलां काय?"

बुधवारी कंपनीचा माणूस आला. स्वरूप नावाचा, नीटनेटका, बूट बाहेर काढून मोजे घालून आत आला, हे मला आवडलं. त्याने पेटीच्या मागची बारीक वायर काढली, एका यंत्राला लावली आणि सांगितलं की घरात काहीच बिघाड नाही, बाहेरून उजेड येत नाहीये. मी म्हटलं, कसला उजेड? तर वन्सं, या वायरीत वीज नसते. आत केसासारखी बारीक काच असते आणि तिच्यातून उजेड पळतो. तुमचा चेहरा, तुमचा आवाज, 'राही, जरा मोठ्याने वाच' हे सगळं हेदवीहून इथवर उजेड होऊन येत होतं. मला ते इतकं सुंदर वाटलं की मी त्याला आणखी एक फणसाचं सांदण वाढलं. ते खाऊन तो म्हणाला की तो आतला माणूस आहे. बाहेरचा माणूस वेगळा. आतल्याने बाहेर हात लावायचा नाही आणि बाहेरच्याने आत यायचं नाही. तुमचे बंधू म्हणाले, बोटीवर डेकचे आणि इंजिनचे असेच होते, आणि बोट नेहमी त्यांच्या मधल्या जिन्यात गळायची. तरी स्वरूपला उंबऱ्याबाहेर निदान बघ तरी अशी विनंती केली. त्याने मोजे काढले, बूट घातले, मोटारसायकलवर बसला आणि गेला.

गुरुवारी तुमच्या बंधूंना कुलूप उघडून वर गेल्यावर टाकीपाशी मेसेज मिळाला की आमचा प्रतिनिधी आपल्या पत्त्यावर येऊन गेला, घर सापडले नाही. शुक्रवारी पुन्हा तोच मेसेज. घर सापडले नाही. वन्सं, हे घर तुमच्या वडिलांनी बांधलं, तुमचं लग्न या अंगणात झालं, मी या उंबऱ्यावरचं माप ओलांडून आत आले. पासष्ट वर्षं ते जागचं हललेलं नाही. तुमचे बंधू इतके चिडले की लॉगमध्ये त्यांनी अक्षांश-रेखांश लिहिले.

शनिवारी आम्ही दोघं सकाळपासून फाटकात खुर्च्या टाकून बसलो. साडेदहाला एक मोटारसायकल वरून खाली गेली. मग खालून वर. मग पुन्हा वरून खाली. चालवणारा मुंडी वर करून घरांच्या पुढची आभाळं बघत होता. चौथ्या फेरीला तुमचे बंधू रस्त्यात आडवे उभे राहिले. माणूस पस्तिशीचा, शुभंकर नाव, गाव जत, बोलणं तिकडचंच. म्हणाला, "काका, हितं मांडव असलेलं घर कुटं हाय ओ? दोन दिस झालं हुडकालोय. जानेवारीत मी सोता वायर टाकल्या. घावंचना."

मांडव असलेलं घर. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, अहो, मांडव होता, काढला. त्याने विचारलं, काढला म्हणजे? म्हटलं, पावसाळा आला ना. आमच्याकडे दिवाळीनंतर अंगणात मांडव घालतात आणि पावसाआधी उतरवतात, दर वर्षी, सगळ्यांचाच. नुसत्या आमच्या वाडीतले त्या आठवड्यात नऊ उतरले. त्या बिचाऱ्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. जतला पाऊसच कधी येतो कधी येत नाही, तिकडे मांडव घालतात तो लग्नाचा, नाही तर मग असा भक्कम खांबांचा दिसला की तो घराचाच भाग. जानेवारीत तो आला तेव्हा पोफळीच्या खांबांवर, वर हिरवी जाळी अंथरलेला आमचा मांडव बघून त्याला आनंद झाला होता. रस्त्यावरच्या खांबावरून वायर गडग्यावर, गडग्यावरून मांडवावर, मांडवाच्या आडव्या पोफळीवरून सरळ हॉलच्या खिडकीत. "येवढा मस्त सपोर्ट काकू," तो म्हणाला, "मला वाटलं परमनंट हाय."

मग तो वायर शोधत निघाला आणि त्याच्या मागे आम्ही. गडग्यापर्यंत वायर होती. गडग्यावरून ती अंगणात उतरत होती आणि तिथे तिचं टोक जास्वंदीच्या कलत्या फांदीला आधार देऊन, छान सरगाठ मारून संपलं होतं. खिडकीच्या बाजूला वीतभर तुकडा लोंबत होता. मधली पंचवीस मीटर नाहीशी. बाबल्याला हाक मारली. त्याला वायर दाखवली. तो म्हणाला, "ही व्हय? ही काळी दोरी? बरी हाय. चिवट हाय." आणि मग त्याने आम्हाला सगळं घर फिरवून दाखवलं. उतरवलेल्या पोफळींचे तीन भारे बांधून पडवीच्या माळ्यावर टाकले होते, त्यांना काळी दोरी. पावसाची झड ओटीवर येऊ नये म्हणून लावलेल्या माडाच्या विणलेल्या झापांना काळी दोरी. चुलीच्या लाकडांच्या मोळ्यांना काळी दोरी. म्हणजे आठवडाभर आम्ही ज्याची वाट बघत होतो ते नेट आमचं घर पावसाळ्यासाठी आवळून धरून होतं.

शुभंकर म्हणाला, सोडवून जोडता येईल का बघतो. गाठींना हात लावला आणि हात मागे घेतला. त्या वायरीला जास्त वाकवलं तरी आतली काच मोडते, आणि बाबल्याची गाठ म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. तुमचे बंधू इतका वेळ बाबल्यावर गरजणार म्हणून श्वास भरून उभे होते, पण ते माळ्याखाली गेले, चष्मा लावला, एकेक गाठ निरखली आणि म्हणाले, अशी गाठ मी हॅम्बुर्गनंतर बघितली नाही. मग ते आणि बाबल्या अर्धा तास गाठींवर बोलत बसले. मीच शेवटी जरा आवाज चढवला, की अरे बाबल्या, निदान विचारायचं तरी. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "वैनी, तुमीच बोललाव ना, यंदा सुंभ आणू नको, घरात जी दोरी हाय ती वापर."

बोलले होते. अगदी याच शब्दांत बोलले होते. दुसऱ्या दिवशी बांधलेले भारे बघून कौतुकही केलं होतं, की यंदाचं बांधकाम किती सुबक, काळी दोरी लाकडावर उठून दिसते. दोरीचं बोलले तो रविवार होता, चोवीस तारीख, चार वाजायला आले होते, आणि मी पुस्तक घ्यायला आत वळले होते. बाबल्या मात्र मांडवावरची शेवटची दोरी सोडवायला तेव्हाच शिडी चढत होता. तर वन्सं, कंपनीचा दोष नाही, पेटीचा नाही, दमट हवेचा नाही. तुमच्या आणि ट्रंकेच्या मध्ये तुमची भावजयच आली. लॉगमध्ये कारण या रकान्यात फक्त 'घरातून' असं लिहिलं आहे. नाव न लिहिल्याबद्दल मी त्यांना दुपारी मुगाचं बिरडं केलं.

असो. शुभंकर नवी वायर आणायला गेला आहे. या वेळी ती घराच्या भिंतीवरून घ्यायची असं ठरलं आहे. तेवढ्यात पत्र पुरं करते. तुम्ही जिवाला जपा, पाऊस लागला की परसातल्या पायरीवर उतरू नका, थेंब चार वेळा घाला. तुमचा लेक अजिंक्य मुंबईहून कधी येतो ते कळवा, त्याच्याबरोबर आंब्याची साटं पाठवीन. तुमच्या बंधूंचा नमस्कार, बाबल्याचा नमस्कार आणि येसूबाईने ट्रंकेबद्दल विचारलं आहे. थोरल्यांपुढे चार शब्द जास्तच झाले, ते पोटात घालावेत.

तुमची भावजय,
राही

ता. क. पत्राबरोबर पुडक्यात पुस्तक पाठवलं आहे. उगीच माझ्याकडे पडून राहिलं तर वाळवी लागेल. तुमच्या कपाटात नुसतं ठेवून द्या.

ता. क. २. शमिका, इथून पुढे तोंड मिटून वाच. 'का थांबलीस' असं विचारलं तर सांग की मामींचं अक्षर लागत नाही, त्यांना लगेच पटेल.

नेट सुरू आहे. शुभंकर शनिवारीच तासाभरात वायर घेऊन आला, सोमवारी स्वरूपने पेटीला तिचं नाव परत शिकवलं, आणि दिवा तेव्हापासून हिरवा आहे. मी फोन लावायलाही घेतला होता. मग ठेवून दिला. त्याचं कारण सांगते. मंगळवारी गच्चीत फोन तुटून परत लागला तेव्हा माझं पान उलटलं होतं आणि ओळ सापडेना. वन्सं म्हणाल्या, ती खोलीत शिरत होती. तेव्हा मागून, स्वयंपाकघरातून बहुतेक, तुझा आवाज आला, 'नाही, शिरून झालं, ट्रंक ओढलीय, किल्ली मोलकरणीच्या कनवटीची आहे.' शमिका, ती मोलकरीण पान पन्नासला काम सोडून गेली. तू किती महिने दाराआडून ऐकते आहेस?

वन्संना वाटतं की दिवसभर लोकांची पत्रं हाताळून तू कंटाळतेस, तुला वाचायला सांगणं म्हणजे त्रास देणं. हे त्या मला दहादा बोलल्या आहेत, तुला एकदाही बोलणार नाहीत. तुला वाटत असेल की त्यांना माझाच आवाज हवा. तसं काही नाही. मी प्रार्थना म्हटल्यासारखी वाचते असं त्या तोंडावर सांगतात. हे एवढं लांब पत्र तू आत्ता त्यांना वाचून दाखवलंस ना? त्या कुठे कुठे हसल्या ते तू बघितलंस, मी कधी बघू शकले नसते, माझ्याकडे त्या दर दोन मिनिटांनी थिजतात. तेव्हा पत्र घडी घालून ठेव आणि पुस्तक उघड. पान एकशे त्र्याऐंशी, खालून सहावी ओळ. मीही पुढे वाचलेलं नाही, शपथेवर सांगते, फार जड गेलं. ट्रंकेत काय होतं ते मला तू पत्राने कळव. वन्संकडून नको, त्या गोष्ट सांगताना पदरची दोन माणसं जास्त मारतात. चार वाजता मी काय करीन याची काळजी करू नकोस. तुझे मामा सध्या मला लॉग वाचून दाखवतात आणि तो पुष्कळ आहे.

ता. क. ३. (आता परत मोठ्याने.) वन्सं, नेट अजून बंदच आहे. कधी सुरू होईल ते कुणालाच सांगता येत नाही. तोवर घरात जो आवाज आहे त्यावर भागवून घ्या, आणि चहा गरम असतानाच प्या.